रातची हजेरी

काही घरांत जुने पेपर साठतात, काही घरांत श्रीखंडाचे रिकामे डबे. माझ्याकडे किस्से साठतात. पेपर निदान रद्दीवाला तरी नेतो, किस्से कोण नेणार? नवऱ्याचं जालन्यात, मस्तगडात मेडिकल आहे. तो घरी येतो तेव्हा दिवसभराच्या गिऱ्हाइकांनी त्याचे कान किटलेले असतात. मुलांच्या कानांत इअरफोन. म्हणून आज तुम्ही तावडीत सापडलात! चहा होईस्तोवर एक-दोन सांगते. एक-दोनवर थांबेन याची खात्री मात्र मला स्वतःलाच नाही.

थोडं आधीचं सांगायला हवं. जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत, लॅबमध्ये, मी बरीच वर्षं काढली. ओल्या कागदावर बी मांडायचं, कागदाची गुंडाळी करायची, उबेत ठेवायची आणि काही दिवसांनी उघडून कोण उगवलं ते बघायचं. शांत काम. मधल्या वेळात खिडकीबाहेर बघत बसायला भरपूर वाव, आणि माझा तर जन्मच त्यासाठी झालेला! साहेब येता-जाता माझ्या टेबलावर टकटक करून म्हणायचे, "वैशालीबाई, या परत."

एके दिवशी मी परत आलेच नाही. म्हणजे राजीनामा दिला हो! बदनापूरच्या बाहेर मुलांचं एक घर आहे. मिसरूड फुटायच्या वयातली पोरं. कुणी चोरीत सापडलेलं, कुणी शाळेत मास्तरवर दगड उगारलेला, कुणी घरातून पळालेलं, कुणाला घरानंच बाहेर काढलेलं. बालकल्याण समिती त्यांना तिथं पाठवते. तिथं एक ताई पाहिजे होती. मी घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "आपली दोन सांभाळून पोट भरलं नाही का तुझं?" खरं सांगायचं तर नव्हतं भरलं.

*

मुलाखत घेतली केशवकाकांनी. काका तिथले मुख्य. अंबडकडचे. शाळेत पीटी शिकवून रिटायर झाले, पण गळ्यातली शिट्टी काही रिटायर झाली नाही.

"अनुभव काय तुमचा?" काकांनी विचारलं.

"बी उगवतंय का ते बघायचं."

"आन् जे न्हाई उगवत?"

"ते चिमटीत धरून दाबून बघतो. मऊ लागलं तर मेलेलं. घट्ट लागलं तर जिवंत असतं. त्याला अजून उगवायचं नसतं, एवढंच."

काका बराच वेळ शिट्टीशी चाळा करत बसले. मला वाटलं, गेली नोकरी! आपण मुलांबद्दल काहीतरी बोलायचं सोडून बियाण्याचं सांगत बसलो.

"उद्यापासून या," काका म्हणाले.

हे बोलणं दाराआडून कुणीतरी ऐकलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी मी फाटकातून आत पाय टाकते न टाकते, तोच एक उंच, किडकिडीत पोरगा समोर येऊन उभा राहिला. त्यानं बाही वर सारली आणि दंड माझ्यापुढे धरला.

"ताई, दाबून बघा!"

हा इरफान.

*

पहिल्या दिवशी बोलायला मी एक छोटंसं भाषण पाठ करून नेलं होतं. पोरं जमिनीवर बसली, मी पुढे उभी राहिले. ती जागा म्हणजे पूर्वीचं कापसाचं जिनिंग. उंच पत्र्याचं शेड, वर जाळीच्या खिडक्या. सगळे त्या घराला शेडच म्हणतात. कापूस जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी पंखा लावला की वरच्या सांध्यांतून रुईचे बारीक पुंजके सुटतात आणि तिरप्या उन्हातून सावकाश खाली येतात. मी बोलायचं विसरून त्यांच्याकडेच बघत राहिले. कुणीतरी खाकरलं, तेव्हा भानावर आले.

"मी तुमच्यावर रागावायला आलेली नाही," मी म्हणाले. "मला मॅडम म्हणू नका. मला तुमची मैत्रीण समजा."

पहिल्या रांगेत एक गोबऱ्या गालांचं पोरगं होतं. ज्ञानेश्वर नाव, सगळे माऊली म्हणतात. घर माळकरी, चेहरा असा की बघताक्षणी कुणीही प्रसाद हातावर ठेवावा. त्यानं हळूच विचारलं, "मंग पुडी हाय का?"

गुटख्याची हो! मैत्रिणीकडे असणारच, असा त्याचा सरळ हिशेब. माझं भाषण तिथंच संपलं.

*

आता या शेडची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं लक्षात येईल.

सकाळी सगळीकडे हजेरी होते, तशी तिथंही होते. पण ती झाली की काका दुसरी हजेरी घेतात. तिला म्हणायचं रातची हजेरी. रात्री झोपेत कुणी काय पाहिलं ते एकेकानं सांगायचं. ही पोरं दिवसा कुठं होती, काय केलं, हे पोलिसांनी विचारून झालेलं असतं, समितीनं विचारून झालेलं असतं. रात्री कुठं जाऊन आलात, हे कुणीच विचारत नाही. म्हणून काका विचारतात.

नियम अगदी थोडे. हसायचं नाही. अर्थ विचारायचा नाही. हे खरंच झालं होतं का, हेही विचारायचं नाही. काहीच पडलं नसेल तर 'कोरी' म्हणायचं. आणि हजेरीला जो हजर असेल त्यानं सांगायलाच पाहिजे. काका सांगतात, स्वयंपाकाची आपा सांगते, मग मी कशी सुटणार?

माऊलीची स्वप्नं मोठी देखणी असतात. "जेसीबी उडत व्हती ताई. मी गेर टाकून राह्यलो. खाली सगळा कापूसच कापूस, पांढरा. मला उतरायचं व्हतं, पण एवढ्या कापसावर चाकाचे डाग पडतेन, म्हणून मी उतरलोच न्हाई."

इरफानचं वेगळं. इरफान इथं आला तो लोकांच्या मोटारसायकली किल्लीशिवाय चालू करण्याच्या हातगुणामुळे. तो म्हणाला, "पूरा गाव झोपेल व्हता. सगळ्या गाड्या रस्त्यावर, सगळ्यांच्या चाव्या गाडीलाच लटकेल. मी एकीला बी हात लावला न्हाई, काका!"

काकांचा चेहरा उजळला.

"आन् सकाळी उठून इतका पस्तावलो ना!"

मग माझी पाळी आली. आपलं स्वप्न मी लग्नानंतर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. कुणी विचारलेलंही नव्हतं. मी सांगितलं, "मी ओल्या कागदाची गुंडाळी उघडतेय. ती उघडत जाते, संपतच नाही. खोलीभर झाली, रस्त्यावर गेली, बदनापूरच्या स्टेशनापर्यंत गेली, आणि मी तिच्यावरून अनवाणी चालतेय. पाय गार पडलेत." कुणी हसलं नाही. सगळी पोरं गंभीरपणे ऐकत होती. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी गाडीत खिडकीशी बसून मी एकटीच हसत जालन्यापर्यंत आले.

घरी आल्यावर उत्साहात नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला काय हो स्वप्नं पडतात?"

तो विचार करून म्हणाला, "एक्स्पायरीचा माल."

*

एकदा या हजेरीत मारामारी झाली.

झालं असं की इरफाननं सांगायला सुरुवात केली, "एक विहीर हाय, तिच्यात पान्याच्या जागी ऊन हाय..." एवढ्यात माऊली ताडकन उठला आणि त्याच्या अंगावर धावून गेला.

"काका, हे माझं सपान हाय! मी याला रात्री उठून सांगितल्तं! चोरलं यानं!"

दोघांना सोडवता सोडवता माझी ओढणी फाटली. काकांनी शिट्टी मारली. सगळे गप्प. आता ही चोरी कोणत्या कलमात बसवायची? काकांनी खूप गंभीर होऊन विचार केला आणि निकाल दिला, "इरफान, ज्याचं त्याला परत कर."

इरफान मान खाली घालून उभा राहिला. मग म्हणाला, "काका, निम्मं वापरलं गेलं. उरलेलं देतो."

माऊलीनं उरलेलं घेतलं!

*

शमीम आपा आमच्या स्वयंपाकघराची मालकीण. दणकट बाई, आवाज असा की रुळापलीकडच्या शेतातली बगळ्यांची रांग उठावी.

एकदा इरफानला स्वप्न पडलं की आपानं मटन केलंय. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना पडलं. आठवडा संपेपर्यंत अख्ख्या शेडला मटन पडायला लागलं! रश्श्यावरची तर्री कशी होती, नळी कुणाच्या वाट्याला आली, सगळं बयाजवार. माऊलीची पाळी आली. माळकरी घर, त्याची पंचाईत. थोडा घुटमळला आणि म्हणाला, "मला बी पडलं. पण मी नुसता रस्सा खाल्ला!"

आपा दारात उभी राहून ऐकत होती. पदर खोचून पुढे आली.

"मेरेकू भी ख्वाब पड्या काका. ये सब्बके सब्ब बैठके बर्तन घिस रै थे. और मैं खाट पे लेटके चा पी रई थी."

त्या रविवारी मटन झालं. सगळ्या पोरांनी बसून भांडी घासली आणि आपा खाटेवर पडून चहा प्याली. चहा संपला तरी ती उठली नाही, दुसरा कप मागवला.

*

आता किसनाचं.

किसना पंगतीत कायम दाराजवळ बसतो. झोपतोही दाराजवळ. बारीक अंगाचा, डोळे मोठे, बोलणं कमी. रातच्या हजेरीत त्याचं नाव आलं की एकच उत्तर, "कोरी." कधी दुसरं काही नाही. मी आले तेव्हापासून त्याच्या सगळ्या रात्री कोऱ्याच.

आणि जेवायचा किती सावकाश! घास तोडणार, बोटांत धरणार, भाजीत टेकवणार, तोंडात ठेवणार, मग दाराबाहेर बघत चावत राहणार. सगळी पोरं उठून हात धुऊन बाहेर खेळायला गेली तरी याचं ताट अर्धं. आपा कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभी राहायची.

"अरे, एक रोटी कू कित्ता टाइम? मैं बर्तन कब घिसूं, ईद कू?"

किसना मान वर न करता म्हणायचा, "झालंच आपा." आणि पुढचा घास पहिल्यापेक्षा बारीक तोडायचा.

मी काकांना विचारलं, याला भूक नसते का?

"भूक लई हाय त्याला," काका म्हणाले. मग शिट्टी हातात घेऊन त्यांनी मला नीट सांगितलं. किसना याआधी दोन ठिकाणांहून पळाला होता. दोन्ही वेळा रेल्वेनं. समितीनं आता बजावलं होतं की इथूनही पळाला तर त्याला लांब, मोठ्या संस्थेत टाकायचं. तिथं भिंती उंच आहेत आणि पोरं शेकड्यानं. "तिथं रातची हजेरी बिजेरी न्हाई ताई. तिथं गेला तर आपल्या हातून गेलाच तो."

त्या दिवसापासून मी सकाळी फाटकातून आत शिरले की आधी दाराजवळची जागा बघायला लागले. किसना दिसला की मग बाकीच्यांना हाका मारायची.

*

एकदा जिल्ह्याच्या ऑफिसातून एक साहेब तपासणीला आले. कडक इस्त्री, कडक चेहरा. नेमके रातच्या हजेरीच्या वेळी टपकले. त्यांना खुर्ची दिली. पोरांचं झालं, आपाचं झालं, माझं झालं. मग सगळी पोरं साहेबांकडे बघायला लागली.

साहेब म्हणाले, "काय?"

"हजर असन त्यानं सांगायचं असतंय," माऊली नम्रपणे म्हणाला.

"मला स्वप्नं पडत नाहीत."

"कोरी चालती साहेब!" माऊलीनं धीर दिला.

तपासणी झाली. साहेबांनी पोरांना सुधारण्यावर एक भाषण दिलं. बाहेर आले तर ड्रायव्हर रडकुंडीला आलेला. गाडीची चावी आत, दारं लॉक! साहेबांना पुढे दुसरी मीटिंग. ड्रायव्हरनं काच खाली ओढून बघितली, पट्टी घालून बघितली, देवाचं नाव घेऊन बघितलं. हळूहळू सगळ्या शेडची नजर एकाच माणसाकडे वळली.

इरफान दोन पावलं मागे सरकला. "मी आता सुधरलोय," तो म्हणाला. "साहेबांच्या समोरच सुधरलोय."

काकांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी आभाळाकडे बघितलं. मग काका इरफानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आजच्यापुरता बिघड!"

दार उघडायला त्याला किती वेळ लागला ते मी सांगत नाही, नाहीतर तुमची झोप उडेल.

साहेब गाडीत बसले. गाडी निघाली, थोडी पुढे जाऊन थांबली आणि काच खाली झाली. साहेबांनी माऊलीला खुणेनं जवळ बोलावलं. मी बाजूलाच होते म्हणून ऐकू आलं. "मी अजून परीक्षेला बसतो रे," साहेब हळूच म्हणाले. "पेपर सुरू झालेला असतो, आणि मी हाफ पँटवर."

माऊलीनं क्षणभर विचार केला.

"साहेब, झोपताना फुल पँट घालत जा."

*

थंडी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. सकाळी तुरीच्या शेतांवर धुकं उतरलेलं असायचं आणि आमच्या शेडच्या जाळीतून ते आत यायचं. पोरं पांघरुणं अंगाला लपेटूनच हजेरीला बसायची. धुकं कुठलं आणि वरून येणारी रुई कुठली, ते कळायचं नाही. अशा सकाळी मला नेहमी वाटतं की आपण अजून घरीच आहोत, झोपलेलो आहोत, आणि हे सगळं आपल्यालाच पडतंय.

काकांनी नावं घेतली. किसनाचं नाव आलं. आम्ही 'कोरी' ऐकायच्या तयारीत, काकांचं बोट पुढच्या पोराकडे वळलेलंसुद्धा.

किसना म्हणाला, "आई दारात उभी हाय."

काकांचं बोट हवेतच राहिलं.

"म्हणती, आलाच हाईस तर जेवून जा. मी जेवून राह्यलो. ताट संपलं की जावं लागन. म्हणून मी हळूहळू खातो. बारीक बारीक घास करतो. ती तशीच उभी हाय."

एवढंच. पुन्हा गुडघ्यांत तोंड घालून बसला.

कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलं नाही. काकांनी हवेतलं बोट पुढे नेलं. पुढची पाळी इरफानची होती. इरफानची रात्र कधीही रिकामी नसते, नसली तर तो दुसऱ्याची घेतो. त्यानं किसनाकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि म्हणाला, "कोरी."

नंतर काकांनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं. किसनाचे वडील वारले, आईनं दुसरं घर केलं, तिकडं सेलूच्या बाजूला. त्या घरात याला जागा नाही. दोन्ही वेळा पळून तो तिथंच गेला होता. "बाई वाईट न्हाई ताई. तिचा बी इलाज न्हाई. दोन्ही वेळा तिनं पोटभर जेवू घातलं आन् वाटंला लावलं."

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. दुपारी जेवताना किसनाचं ताट सगळ्यांत शेवटी राहिलं. आपा आली, त्याच्याकडे बघून परत स्वयंपाकघरात गेली. भांडी तशीच ठेवून ती तांदूळ निवडत बसली.

*

आता शेवटचा. चहा गार झालाय तुमचा, पण बसा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुपारी, किसना दिसेना. दाराजवळची जागा रिकामी. पोरांनी शेड, न्हाणी, मागचं सरपण, सगळं शोधलं. माऊली तर विहिरीत वाकून हाका मारून आला. किसना नव्हता.

नियम असा आहे की पोरगं पळालं की लगेच कळवायचं. काकांनी फोन हातात घेतला. आम्ही सगळे त्यांच्या भोवती. त्यांनी फोनकडे बघितलं, पोरांकडे बघितलं आणि फोन परत खिशात टाकला.

"सांजची गाडी जाऊ द्या," ते म्हणाले. "गाडीत बसला न्हाई तर तो पळाला असं कसं म्हणता येईन?" मग माझ्याकडे वळून, "तुम्ही व्हा पुढं. तशी बी ती तुमचीच गाडी हाय."

खरंच होतं ते. बदनापूरहून संध्याकाळची पॅसेंजर जालन्याला जाते आणि तशीच पुढे सेलूला. मी रोज तीच पकडते.

किसना प्लॅटफॉर्मच्या अगदी टोकाला, शेवटच्या बाकावर बसला होता. समोर रुळांपलीकडे शेतं, त्यांवर पिवळं ऊन पसरलेलं, आणि बगळे घराकडे निघालेले. मी जाऊन शेजारी बसले. त्यानं बघितलं, पण उठला नाही.

"काकानं धाडलं?"

"हो. पण माझी गाडीही हीच आहे."

यावर त्यानं थोडा विचार केला. त्याला ते पटलं असावं.

"तू कुठपर्यंत?" मी विचारलं.

"सेलू."

"मी जालन्याला उतरते."

मला फार भीती वाटत होती. हात धरून ठेवला असता, आरडाओरडा केला असता, तर स्टेशनावरची माणसं धावून आली असती. पण असा धरून आणलेला किसना उद्या पुन्हा दाराजवळच बसला असता. काय बोलावं तेही सुचत नव्हतं. भाषण तर मी पहिल्याच दिवशी सोडून दिलं होतं. म्हणून मीही त्याच्याबरोबर बगळे बघत बसले. ते ऊन, ते रूळ, लांबून येणारा गाडीचा बारीक आवाज, सगळं इतकं हळू चाललं होतं की गाडी येऊच नये, हे असंच चालू राहावं, असं मला वाटलं.

गाडी आली. आमच्यासमोरच एका डब्याचं दार थांबलं. किसना उभा राहिला. मीही उभी राहिले, पर्स खांद्याला लावली. माणसं उतरली, माणसं चढली. किसनानं दांडीला हात लावला आणि वळून माझ्याकडे बघितलं.

"ताई, तुम्ही घरी जाऊन सैपाक करणार?"

"हो. गेल्यावर टाकीन काहीतरी."

"म्हंजे तवर उपाशीच."

"सवय आहे रे."

तो दांडी धरून तसाच उभा. डब्यात बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. गार्डानं शिट्टी मारली.

"आपा आज खिचडी-खट्टा करून राह्यली," किसना म्हणाला. त्यानं दांडी सोडली. "जेवून जा, ताई."

गाडी गेली. आम्ही दोघं रुळांच्या कडेनं चालत शेडवर आलो. काका फाटकात उभे होते. पंगत बसली. किसनानं दाराजवळची त्याची जागा मला दिली आणि स्वतः आत, इरफान आणि माऊलीच्या मध्ये सरकून बसला. आपानं वाढलं. किसनानं आपल्या हातानं माझ्या वाटीत चिंचेचा खट्टा ओतला, "घ्या, लाजू नका" म्हणाला, आणि स्वतः भराभर जेवायला लागला.

मी मात्र त्या दिवशी फार हळू जेवले.